चासी शाबूत, तर जीप शाबूत

ऑक्टोबर 2010 मध्ये महिंद्राने थार बाजारात आणली. त्या सुरुवातीच्या दिवसांत ज्यांनी गाडी घेतली, त्यांच्या आरसीवरची पंधरा वर्षे आता भरली आहेत. पासिंग, विमा आणि मोठी दुरुस्ती हे तिन्ही खर्च एकदम दारात उभे राहतात आणि सल्ल्यांनाही तोटा नसतो. गॅरेजवाला सांगतो, इंजिन खोलावे लागेल. शेजारी सांगतात, विकून टाका, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार बंद करणार आहे. एजंट म्हणतो, आत्ता नेतो, रोख देतो. मालक मात्र ठरवू शकत नाही, कारण या गाडीने राजमाची, हरिहर, कास दाखवलेले असते. कुणाच्या गाडीने आंब्याच्या पेट्या वाहिलेल्या असतात, कुणाच्या गाडीने आजारी माणसाला रात्री तालुक्याला पोचवलेले असते.

प्रश्न एकट्या थारचा नाही. 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्राच्या सीजे, एमएम 540, कमांडर, मेजर अशा गाड्या महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचल्या. सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून माणसे वाहण्याचे काम वर्षानुवर्षे याच जीपांनी केले. 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने लष्करात, पोलिसांत, वनखात्यात आणि ताडोब्याच्या सफारीत जागा मिळवली. 2018 च्या अखेरीस तिचे बुकिंग बंद झाले. तिच्यात एअरबॅग आणि एबीएस नव्हते, आणि सुरक्षिततेचे नवे नियम तोंडावर आले होते. अशा हजारो गाड्या आजही गोठ्याशेजारी, सोसायटीच्या कोपऱ्यात, गॅरेजच्या मागल्या अंगाला निर्णयाची वाट पाहत उभ्या आहेत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यातला गैरसमज आधी दूर केलेला बरा. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून आले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांवर शिक्कामोर्तब केले. पण ते दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पुन्हा पाच वर्षांची नोंदणी मिळते, आणि गाडी सुस्थितीत असेल तर त्यापुढेही पाच-पाच वर्षांनी. 1 एप्रिल 2023 पासून नूतनीकरण थांबले ते पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांचे. तो नियम खासगी मालकाला लागू नाही. घाबरून कवडीमोलाने गाडी देऊन टाकणारे अनेक जण हा फरक माहीत नसल्यामुळे फसतात.

नूतनीकरण स्वस्त मात्र राहिलेले नाही. मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते दहा हजार झाले. त्यात राज्याचा पर्यावरण कर मिळवायचा. मुदत टळली तर दर महिन्याला पाचशे रुपये दंड चढत राहतो. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. दोन-तीन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीवर हा दंड किती होतो, याचा हिशेब गॅरेजच्या बिलाआधी करावा.

आता गाडीकडे वळू. जुन्या जीपचा मालक सहसा पहिल्यांदा इंजिनकडे पाहतो, मग रंगाकडे, मग सीट कव्हर आणि टायरकडे. क्रम नेमका उलटा हवा. पाहणी सुरू व्हावी ती गाडीच्या पोटाखालून.

विलीजपासून जिप्सी आणि थारपर्यंत या साऱ्या गाड्या शिडीसारख्या चासीवर उभ्या असतात. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही अ‍ॅक्सल, स्प्रिंगा आणि वरची बॉडी, सगळे त्या दोन लांब पोलादी पट्ट्यांना आणि मधल्या आडव्यांना बोल्टने जोडलेले असते. त्यामुळे या गाडीचे काहीही काढता येते आणि काहीही बदलता येते. अपवाद फक्त चासीचा, आणि त्यामागे ताकदीइतकेच कायद्याचे कारण आहे. गाडीची ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला क्रमांक. आरसीवर तोच असतो. तपासणीच्या वेळी त्या क्रमांकावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा फॉर्मला जोडतात. गंजाने एखादा आकडा खाल्लेला असेल तर उत्तम चालणारी गाडीही आरटीओच्या खिडकीवर अडते. म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी मालकाने स्वतः तारेच्या ब्रशने ती जागा हलकेच साफ करून ठसा घेऊन पाहावा. सगळे आकडे वाचता येत नसतील, तर इंजिनवर पैसे घालण्याआधी आरटीओत जाऊन क्रमांक पुन्हा ठोकून घेण्याची परवानगी मागावी.

मग हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडी खड्ड्यावर चढवावी. मागच्या बंपरला लागून असलेला आडवा, स्प्रिंगांचे पाटे ज्यांना टांगलेले असतात ते हँगर, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग आणि बॉडी जिथे चासीवर टेकते ते माउंट, या जागी चिखल साठतो आणि ओल टिकते. हातोडीचा हलका ठोका मारला की निरोगी पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. बद्द आवाज आला तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबावे. वरचा पापुद्रा सुटून खाली चकाकते लोखंड दिसले तर तो पृष्ठभागाचा गंज. घासून, प्राइमर लावून तो थांबवता येतो. टोक आत घुसले तर पत्रा संपला आहे. ताजा काळा डांबरी लेप दिसला तर अधिकच बारकाईने पाहावे. विकाऊ गाडीची भोके त्याखाली बुजवलेली असू शकतात.

एखाद्या आडव्याला किंवा हँगरला भोक असेल, तर चांगला वेल्डर सडका भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवू शकतो. ते काम करून घेण्यासारखे असते. लांब पट्ट्यालाच दोन-तीन ठिकाणी भोके पडली असतील, किंवा जुन्या अपघातात चासी वाकून चाके एका रेषेत राहिली नसतील, तर तिथे दुरुस्तीचा विचार सोडावा. वरवर पत्र्याचे ठिगळ मारून चालवलेली अशी गाडी घाटात एखाद्या खड्ड्यात आदळली की हँगर सुटतो आणि अ‍ॅक्सल जागा सोडतो. ही जोखीम आत बसलेल्या माणसांच्या जिवाची असते. तिची किंमत लाखांत काढता येत नाही.

एकाच साली बनलेल्या दोन गाड्यांची ही तपासणी अगदी वेगळी निघते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खारा वारा. काशीद किंवा गुहागरच्या पुळणीवर हौसेने चालवलेली आणि नंतर गोड्या पाण्याने न धुतलेली जीप आतून पोखरली जाते. सोलापूर-बीडकडची गाडी पत्र्याने टणटणीत राहते, पण तिथली धूळ एअर फिल्टर चुकवून इंजिनात शिरते आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजवते. पैशांच्या दृष्टीने सोलापूरची गाडी परवडते, कारण झिजलेले इंजिन पुन्हा बांधता येते.

इंजिनाबद्दल मालकांना वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. एमएम 540 मधले 2112 सीसीचे प्यूजो डिझेल असो किंवा 2523 सीसीचे डीआय इंजिन, दोन्ही पूर्णपणे यांत्रिक. सेन्सर नाहीत, संगणक नाही. डीआय इंजिन तर ट्रॅक्टरच्या कुळातले, त्यामुळे ट्रॅक्टरवर हात बसलेला तालुक्याचा मेस्त्रीही ते खोलून बांधू शकतो. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण उघडावे. तिथून धुराचे लोट झटक्याझटक्याने बाहेर पडत असतील तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. सायलेन्सरमधला निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि हे अनेकदा नोझल, पंप आणि फिल्टरच्या कामात सुटते. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळ्या धुराला घाबरून पूर्ण इंजिन उतरवणारे मालक आणि त्यांना तसे करायला लावणारे गॅरेज दोन्ही भेटतात. कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये.

जिप्सीचे गणित थोडे वेगळे. सुरुवातीला 970 सीसीचे छोटे इंजिन, 1996 पासून 1298 सीसीचे. जिप्सीवर प्रेम करणारी माणसे देशभर आहेत, गाडी आता नव्याने मिळत नाही, आणि सुट्या भागांचा बाजार अजून जागा आहे. त्यामुळे कागद सरळ आणि चासी निरोगी असलेली जिप्सी विकायला घाई करू नये. याउलट कॉमन रेल डिझेलची थार चालवायला सरस, पण तिचे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि वायरिंग हे गावच्या मेस्त्रीच्या हातातले काम नाही. तिथे दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, तोही दोन ठिकाणांहून.

फोर बाय फोरची तपासणी बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षे लीव्हर पुढे ढकललेलाच नसतो, आणि मग ट्रान्सफर केस आणि पुढच्या चाकांचे हब जाम होतात. मोकळ्या मातीत, उतारावर लो रेंज टाकून गाडी ओढून पाहावी. भार आला की गिअर निसटत असेल तर आतले दाते झिजले आहेत. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे थोडे तेल काढून बघावे. नाल्यातून गाडी घातली आणि ब्रीदरची नळी तुंबलेली असली की आत पाणी शिरते आणि तेल दुधाळ चहासारखे होते. वेळीच बदलले तर काही हजारांत निभावते, वर्षभर तसेच चालवले तर बेअरिंग आणि क्राउन पिनियन दोन्ही जातात. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, ही जुन्या जीपची प्रसिद्ध तक्रार. तिच्यामागे बहुधा किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोके किंवा पाट्यांचे बुश असतात. सगळी तुलनेने स्वस्त कामे. घेणारा नेमकी हीच थरथर दाखवून भाव पाडतो, म्हणून विकायचे ठरले तरी हे काम आधी करून घ्यावे.

यानंतर कागद. जुन्या जीपांची इंजिने बदलण्याची आपल्याकडे रीतच होती. पेट्रोलची विलीज महाग पडते म्हणून तिच्यात डिझेल इंजिन घातले, आणि आरसीवर मात्र पेट्रोलच राहिले, अशा गाड्या कमी नाहीत. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार करून आणलेल्या उघड्या जीपांचीही कागदपत्रे तपासून घेण्यासारखी असतात. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते आणि नवा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. इंजिन क्रमांक जुळत नसलेल्या गाडीवर मोठा खर्च करणे म्हणजे पैसे अडकवणे, कारण ती पासिंगलाही अडेल आणि विक्रीलाही. प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावर चाललेली गाडी असेल तर ती खासगी नावावर रीतसर बदलून घेतली आहे का, तेही पाहावे.

एक वेगळी वाट फार जुन्या जीपांसाठी आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप टिकवलेली खासगी गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार, ती दहा वर्षे टिकते, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीपुरतीच. आजोबांची साठच्या दशकातली विलीज कुणाकडे असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी ही माहिती जरूर काढावी. तिचे मूळ भाग फेकून चकचकीत नवे भाग बसवले की ही वाट बंद होते.

आता पैसा. समजा, गाडी आज आहे त्या अवस्थेत अडीच लाखांना जाते. इंजिन, ब्रेक, क्लच आणि पत्र्याचे मिळून दोन लाखांचा अंदाज आला. दुरुस्तीनंतर तिला साडेतीन लाख येतील असे बाजार सांगतो. विकण्यासाठी दुरुस्ती केली तर एक लाख गेले. ठेवण्यासाठी केली आणि गाडी पुढे पाच वर्षे चालली, तर दोन लाख पाच वर्षांत विभागले जातात, म्हणजे वर्षाला चाळीस हजार. तेवढ्या पैशांत दुसरी फोर बाय फोर वर्षभर वापरायला मिळेल का, हे विचारावे. नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यांशी तुलना केली की बहुधा जुनी जीप जिंकते. याआधी तिच्यावर किती खर्च झाला, तो आकडा या हिशेबात धरूच नये. ते पैसे ठेवले तरी परत येणार नाहीत आणि विकली तरी नाहीत.

दुरुस्ती किती ताणावी, याला विमा कंपन्यांचा एक दंडक उपयोगी पडतो. अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की ती गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. घरच्या निर्णयातही ही रेघ पुरेशी आहे. एका फेरीतला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या तीन चतुर्थांशावर जात असेल, तर गाडी वरच्या उदाहरणासारखी वर्षानुवर्षे ठेवायची असावी, नाहीतर त्यामागे हिशेबापलीकडचे कारण हवे. तसे कारण असू शकते. वडिलांची गाडी म्हणून कुणी खर्च करत असेल तर त्यात गैर काहीच नाही, फक्त तो खर्च गुंतवणूक म्हणून स्वतःला सांगू नये.

वापराचा प्रश्न यापेक्षाही मोठा. शेतावर, घाटातल्या वस्तीवर, पावसाळी भटकंतीला दुसरी गाडी म्हणून जीप हवी असेल, तर दुरुस्तीचे पारडे जड. पण घरात एकच गाडी आहे आणि तीच घेऊन लहान मुलांसह द्रुतगती मार्गाने पुणे-मुंबई करायचे आहे, तर स्पष्ट सांगायला हवे, विका. या जुन्या गाड्यांना एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कित्येकांना मागे आडव्या बाकांवर पट्टेही नाहीत. एअरबॅग आणि एबीएस तर कोणतेही गॅरेज आणून देऊ शकत नाही.

विकायचे ठरले तर रंगकामावर पैसे घालू नयेत. जाणता घेणारा ताज्या रंगाखालची पुट्टी चुंबक लावून शोधतो आणि मग सगळ्याच गोष्टींवर संशय घेतो. त्यापेक्षा पासिंग, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पूर्ण करावी, चासीचे खालून काढलेले फोटो आणि दुरुस्तीची बिले समोर ठेवावीत, दोष स्वतःहून सांगावेत. चासीच गेलेली असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने केली आहे. नोंदणी तिथे रद्दही होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेल्या गाडीचा क्रमांक मात्र मालकाच्याच नावावर जिवंत राहतो.

हाच धोका साध्या विक्रीतही असतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून, पैसे घेऊन मालक मोकळा होतो, आणि एजंट गाडी तिसऱ्या माणसाला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे की नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. नंतर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती ठेवा, आणि राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा. महिनाभराने एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहा. तुमचेच नाव दिसत असेल तर त्याच दिवशी आरटीओ गाठा.